पक्षाघातानंतर मिस्टर व्यायामाला बसत नाहीत, चिडतात, रडतात: काय करता येईल?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिस्टर ५३ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकून पक्षाघात झाला, उजवा हात आणि पाय गेला. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हात खांद्यातून थोडा उचलला जातो, बोटं मिटतात पण उघडताना अडखळतात. बोलणं एकेका शब्दावर आलंय. तुम्ही दिवसातून चार वेळा व्यायाम घेता. ते चिडतात, हात झटकून टाकतात, टीव्हीवर काहीही लागलं की रडतात, आणि उरलेला दिवस खुर्चीत बसून असतात. नातेवाईक सांगतात की सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच, पुढे काही नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने दोन महिने हातात आहेत आणि हा माणूस ऐकत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की कोणते व्यायाम वाढवू आणि यांना तयार कसं करू.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर चालतं. व्यायाम सांगता येतील, थोडे खाली सांगितलेही आहेत. पण तुमचं लिहिणं वाचून व्यायाम कमी पडतोय असं मला वाटलं नाही. मला दिसलं ते हे: सहा महिन्यांची मुदत डोक्यावर टांगलेली आहे, ‘ऐकत नाहीत’ या एका तक्रारीत तीन-चार निरनिराळे त्रास एकत्र झालेत, आणि या सगळ्यात तुम्ही बायको कमी आणि देखरेख करणारी बाई जास्त झाला आहात. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण तिथे जाण्याआधी पहिली दोन मोकळी करायला हवीत.

एक गोष्ट आधीच सांगते. मी त्यांना तपासलेलं नाही. गुठळी नेमकी कुठे होती, किती भाग गेला, त्या बाजूला स्पर्श कळतो का, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि आजारापूर्वी हा माणूस मुळात शांत होता की तापट, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे पुढचं सगळं त्यांना बघणाऱ्या डॉक्टर आणि थेरपिस्टना दाखवून, विचारून मगच करा.

आधी सहा महिन्यांचं बघू. ही समजूत हवेतून आलेली नाही. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. सूज उतरते, इजेच्या कडेचा जो भाग मेला नव्हता पण गप्प पडला होता तो हळूहळू कामाला लागतो, आणि या काळात मेंदू नव्या जोडण्या करायला एरवीपेक्षा जास्त तयार असतो. पुढे हा वेग मंदावतो. शिवाय बहुतेक अभ्यासांत रुग्णांची मोजणी तीन आणि सहा महिन्यांनी होते, त्यामुळे तो आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. चांगला हात जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि अधू हाताकडून काम करून घ्यायचं, अशी एक पद्धत आहे. तिची ‘एक्साइट’ नावाची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यातले २२२ रुग्ण पक्षाघाताला तीन ते नऊ महिने उलटलेले होते. दोन आठवड्यांच्या कसून सरावाने त्यांच्या हाताचा वापर सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. बोलण्यातली सुधारणा तर कित्येकांत वर्षानुवर्षं चालू राहते.

आता याची दुसरी बाजू, कारण खोटी आशा देणं मला जमत नाही. त्या चाचणीत प्रवेशाची अटच होती की मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उघडता आली पाहिजेत. हाताचं भवितव्य बरंचसं बोटं उघडण्यावर ठरतं. मूठ वळता येणं त्या मानाने लवकर जमतं. चार महिन्यांनंतर बोटं मुळीच उघडत नसती, तर लिहिणं, बटण लावणं अशी बारीक कामं पूर्वीसारखी होण्याची शक्यता कमी आहे, असं मी रुग्णाला स्पष्ट सांगितलं असतं. तुमच्याकडे ती अडखळत का होईना उघडतात, म्हणजे कामाला वाव आहे. तो दोन महिन्यांत संपणारा नाही. नातेवाइकांना हे पटवत बसू नका. मिस्टरांसमोर मात्र तो विषय निघू देऊ नका. त्यांना बोलता येत नसलं तरी बरंच कळतं, आणि प्रत्येक व्यायाम ही त्यांच्यासाठी नापास होण्याची परीक्षा होऊन बसते.

आता ‘ऐकत नाहीत’ याबद्दल. पक्षाघातानंतर माणूस व्यायामाला नकार देतो तेव्हा मी मनात चार शक्यता तपासते: थकवा, नैराश्य, भावनांवरचा ताबा सुटणं आणि उदासीनता. बाहेरून चारही सारखेच दिसतात आणि घरचे त्या सगळ्यांना आळस किंवा हट्ट म्हणतात.

थकवा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो असतो. हात-पाय जवळपास पूर्ण सुधारलेल्या माणसालाही असू शकतो. हा कामानंतरचा थकवा नव्हे. आंघोळ करून कपडे घातले की दिवसाची ताकद संपली, असं होतं आणि झोपून उठल्यावरही तो पूर्ण जात नाही. पूर्वी जी हालचाल आपोआप व्हायची, तिच्यासाठी आता लक्ष एकवटावं लागतं. शब्द शोधण्यासाठीही तेच. त्यात घरात चार माणसं एकदम बोलत असली, टीव्ही चालू असला, तर आणखी भर पडते. एक आठवडा कागदावर लिहून ठेवा: कोणत्या वेळी चिडले, त्याआधीच्या तासाभरात काय झालं होतं. चिडणं दुपारनंतरच वाढत असेल तर मेहनतीची सगळी कामं सकाळी आणा आणि आंघोळ संध्याकाळी ढकला. आंघोळ आणि व्यायाम पाठोपाठ ठेवू नका. आणि एक प्रश्न: रात्री जोरात घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? पक्षाघाताच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो. तो तपासून घेतला नाही तर दिवसा कितीही समजावलं तरी माणूस पेंगणारच. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या हेही डॉक्टरांना एकदा बघायला सांगा.

रडण्याबद्दल. टीव्हीवर काहीही लागलं की रडतात, असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला वाटतं की निदान काही रडणं तरी दुःखाचं नाही. मेंदूला इजा झाल्यावर रडण्या-हसण्याला जो लगाम असतो तो ढिला होतो. जरा काही हललं की रडू फुटतं, अर्ध्या-एक मिनिटात थांबतं, आणि माणूस आधीही ठीक होता, नंतरही ठीक असतो. काही जण भलत्याच वेळी हसतात. पहिल्या काही महिन्यांत साधारण पाचातल्या एकाला हे होतं आणि बऱ्याच जणांत पुढे कमी होत जातं. यात जवळ घेऊन समजावलं की रडणं वाढतं. विषय बदलावा, एक-दोन खोल श्वास घ्यायला लावावेत, बसण्याची जागा बदलावी आणि झालेल्या रडण्याची चर्चा करू नये. ‘वाईट वाटतंय, की आपोआप येतंय?’ असं शांतपणे विचारा. मान हलवून ते उत्तर देऊ शकतील. मी हे विचारते तेव्हा कित्येकांच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसते, कारण आपण खुळे होत चाललोय असं ते धरून बसलेले असतात. फार होत असेल तर यावर औषध आहे आणि ते बऱ्याचदा लवकर लागू पडतं.

नैराश्य याहून वेगळं. तेही खूप असतं, कोणत्याही वेळी साधारण तिघांतल्या एकाला. त्यात रडण्यापेक्षा विझून जाणं जास्त दिसतं: भूक नाही, पहाटे जाग येते, आवडत्या माणसाकडेही बघत नाहीत, पूर्वी ज्यात रमायचे त्यात मन लागत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस चालू राहतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं नैराश्य सहज निसटतं, कारण विचारायचे सगळे प्रश्न शब्दांतले. म्हणून तुमचं निरीक्षण इथे सोन्यासारखं आहे. ते लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांचा उपयोग होतो, पण असर दिसायला काही आठवडे जातात. एक खुलासा करते, कारण हे पुष्कळदा विचारलं जातं: नैराश्याच्या गोळ्यांनी हातपायही लवकर सुधारतात, असं मध्यंतरी फार बोललं जायचं. २०१८ साली ‘फोकस’ या चाचणीत तीन हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी देऊन पाहिलं, तेव्हा हालचालीत आणि स्वावलंबनात फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. तेव्हा गोळी नैराश्यासाठी घ्यावी, हातासाठी नव्हे. आणि ‘मला जगायचं नाही’ असं शब्दांनी किंवा खुणेने कधी सुचवलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका.

राहिली उदासीनता. हा माणूस दुःखी नसतो, त्याला सुरुवातच करता येत नाही. ‘चालायला जायचं का?’ असं विचारलं की ‘नाही’. पण बूट पुढे ठेवले, हात धरून उठवलं की मुकाट्याने चालतो आणि तक्रारही करत नाही. अशा माणसाला विचारू नये, सुरू करून द्यावं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पहिली कृती तुमची आणि पुढची त्यांची. आता बघा, थकलेल्या माणसाला असं रेटलं तर तो चिडणार, आणि उदासीन माणसाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो दिवसभर खुर्चीत बसणार. म्हणून आधी ओळख, मग उपाय. तुमच्या वर्णनावरून मला थकवा आणि लगाम सुटणं हे दोन्ही नक्की असावेत असं वाटतं. नैराश्य तपासून घ्यायला हवं.

आता तुमच्या भूमिकेबद्दल. घरच्यांनी सगळी थेरपी शिकून घ्यावी आणि आपणच करावी, ही कल्पना ऐकायला चांगली आहे. तिची मोठी चाचणी भारतातच झाली, ‘अटेंड’ नावाची. १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते आणि निकाल २०१७ साली आला. घरच्या एका माणसाला पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं होतं. सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन या मोजमापात नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीही फरक दिसला नाही. यावरून कोणी असं समजू नये की घरच्यांचा उपयोग नाही. मी त्यातून एवढंच घेते की घरच्या माणसाला हाफ-थेरपिस्ट बनवून भागत नाही. माझ्या अनुभवात तर त्याची किंमत नात्याला मोजावी लागते. चार महिन्यांपूर्वी जी बाई त्यांच्याशी भांडायची, हसायची, ती आता ‘अजून पाच वेळा, हात वर, हात वर’ म्हणते. ते हात झटकतात तेव्हा तो राग व्यायामावर असतो की या बदललेल्या नात्यावर, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

म्हणून माझं सांगणं असं. चारपैकी तीन सत्रं बंद करा. जे एक ठेवाल ते सकाळी, वीस-पंचवीस मिनिटांचं असू द्या. शक्यतो ते दुसऱ्या कोणी घ्यावं: फिजिओथेरपिस्ट, मुलगा, भाऊ, मित्र. कोणीच नसेल तर थेरपिस्टकडून कागदावर चित्रांसह लिहून घ्या, तो भिंतीवर लावा आणि प्रत्येक व्यायामापुढे खूण त्यांनाच डाव्या हाताने करू द्या. मोजणारा कागद असला की तुम्ही मोजणाऱ्या राहत नाही.

मग सराव कमी नाही का होणार? उलट वाढायला हवा, फक्त तो दिवसाच्या कामात विरघळला पाहिजे. थेरपीच्या सत्रांत प्रत्यक्ष किती हालचाली होतात हे २००९ सालच्या एका निरीक्षणात मोजलं होतं. अधू हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोजच्या शेकडो हालचालींनंतर. ही दरी व्यायामाच्या आणखी एका सत्राने भरत नाही, उजवा हात दिवसभर कशात ना कशात गुंतवावा लागतो. नाहीतर दुसराच प्रकार होतो: डाव्या हाताने सगळं भागतं म्हणून मेंदू उजव्याला विसरतो, आणि त्यात जेवढी ताकद आहे तेवढीही वापरली जात नाही.

हाताला काम देताना मी पायऱ्या करते. पहिली, हात नुसता वजन म्हणून: डाव्या हाताने लिहिताना उजवा हात कागदावर ठेवायचा, तो सरकू द्यायचा नाही. दुसरी, धरून ठेवणारा: उजव्या मुठीत बाटली, डाव्याने झाकण फिरवायचं. तिसरी, मदतनीस: दोन्ही हातांनी टेबल पुसणं, चादरीची घडी, टॉवेल ओढणं. चौथी, एकटा: दिव्याचं बटण दाबणं, ड्रॉवर लोटणं, पेला सोडून देणं. हो, सोडून देणं, कारण तुमच्या मिस्टरांना धरण्यापेक्षा सोडण्याचा सराव जास्त हवा. कोणीतरी हातात रबरी चेंडू दिला असेल तर तो मी बाजूला ठेवायला सांगेन. बोटं मिटण्याचा जोर त्यांच्यात आहेच आणि पुढे ताठरता वाढली तर तो आणखी वाढेल. बोटं घट्ट मिटून तळहातात रुतायला लागली, नखं कापता येईनात, तर थांबू नका. ताठरतेवर स्प्लिंट म्हणजे बोटं उघडी ठेवणारी पट्टी आहे, गोळ्या आहेत, स्नायू सैल करणारी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं आहेत. आणि मालिश आवडत असेल तर जरूर करा, त्याने बरं वाटतं, पण ताकद येत नाही. ताकद त्यांनी स्वतः केलेल्या हालचालीनेच येते.

पायासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीतून उठणं-बसणं निवडेन. जरा उंच, हातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पावलांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, मग उठायचं. उजव्या पायावर भार येतोय का बघा. बहुतेक जण सगळा भार डाव्यावर टाकतात. जमायला लागलं की उशी काढून बैठक खाली आणा. दिवसात जितक्या वेळा उठायचं काम पडेल तितक्या वेळा ते स्वतः उठले पाहिजेत, आणि इथेच तुमची खरी कसोटी आहे: मदतीला धावायच्या आधी थोडं थांबायचं. सदरा घालायला त्यांना दहा मिनिटं लागली तर लागू द्या. अधू हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, एवढा नियम सांगितला की पुष्कळ जणांना जमतं. पण हे सुट्टीच्या दिवशी, वेळ असताना. बाहेर जायची घाई असेल तेव्हा सरळ तुम्हीच घालून द्या, त्यात काही बिघडत नाही.

खांद्याबद्दल मात्र मी फार कडक आहे. उठवताना, कुशीवर वळवताना, गाडीतून उतरवताना उजव्या हाताला किंवा काखेला धरून कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर टिकलेला असतो. तो आधार गेला की एका ओढीतसुद्धा इजा होते आणि मग महिनोन्‌महिने दुखणं मागे लागतं. दुखणाऱ्या खांद्याचा माणूस कोणताच व्यायाम करत नाही. छताला कप्पी लावून डाव्या हाताने उजवा ओढण्याचा व्यायाम अजून काही ठिकाणी सांगतात. तो करू नका. बसल्यावर कोपराखाली उशी, झोपल्यावर हाताखाली उशी, आणि गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना किंवा चालताना, तीही थेरपिस्टने सांगितली असेल तरच. ते हात झटकतात तेव्हा खांदा दुखतोय म्हणून तर झटकत नाहीत ना, हे आजच तपासा. माणूस नीट बोलू शकत नसला की दुखणं रागासारखं दिसतं.

चालताना तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, किंचित मागे राहा आणि कमरेच्या पट्ट्याला धरा. काठी डाव्या हातात. जिना चढताना आधी डावा म्हणजे चांगला पाय वर, उतरताना आधी उजवा खाली. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा असू द्या आणि पायाखालची सटकणारी पायपुसणी काढून टाका.

बोलण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरातला अर्धा राग तिथून येतो. डाव्या मेंदूच्या पक्षाघातात शब्द सापडत नाहीत, पण बुद्धी, आठवणी, कोण आपल्याशी कसं वागतं ही जाण शाबूत असते. समजण्यातही थोडी अडचण असू शकते, विशेषतः लांब वाक्यं आणि भराभर बदलणारे विषय. म्हणून टीव्ही बंद, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट. प्रश्न असा विचारा की मान हलवून किंवा बोटाने दाखवून उत्तर देता येईल. ‘काय हवंय?’ याऐवजी दोन वस्तू समोर धरा. ‘हो’ म्हणताना त्यांना ‘नाही’ म्हणायचं असण्याचीही शक्यता असते, तेव्हा महत्त्वाच्या बाबतीत उलटा प्रश्न विचारून खात्री करा. मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. शब्द लगेच तोंडात भरवू नका आणि चुकीचा उच्चार दुरुस्त करत बसू नका. अर्थ पोहोचला की पुरे. कळलं नसेल तर कळल्याचं नाटक मुळीच करू नका, ते त्यांना लगेच ओळखू येतं. ‘मला नाही समजलं, दाखवता का?’ एवढं म्हणा. शिव्या, आकडे, देवाची नावं, गाण्याच्या ओळी अचानक स्पष्ट बाहेर पडतात तेव्हा घरच्यांना वाटतं की बोलता येतंय, मुद्दाम बोलत नाहीत. तसं नसतं. तोंडपाठ बोलणं आणि विचार करून बोलणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. सूर आणि ताल वापरून बोलणं शिकवण्याची पद्धत १९७३ सालापासून वापरात आहे, ती याच गोष्टीचा फायदा घेते. स्पीच थेरपी सुरू नसेल तर सुरू करा. फिजिओथेरपीइतकीच ती गरजेची आहे.

आता नवरा-बायको म्हणून. बिलं, बँक, मुलांचे निर्णय, सगळं तुमच्याकडे आलं असणार. त्यातलं एखादं त्यांना परत द्या. कागद समोर ठेवून दोन पर्याय दाखवा आणि त्यांनी बोट ठेवलं ते मान्य करा. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी हाताचा एकही व्यायाम धड केला नाही, पण बायकोने घरातली सगळी कागदपत्रं लावायचं काम त्यांच्यावर सोपवल्यावर त्यांचा अधू हात रोज तासभर फायली दाबून धरायला लागला. दिवसातून थोडा वेळ असा ठेवा की त्यात गोळ्या, व्यायाम, बीपी यांतलं काहीच नसेल. त्यांच्या अंगाला तुमचा हात लागतो तो फक्त उठवायला आणि पुसायला लागत असेल तर तेही बदला. शरीरसंबंधांबद्दल विचारायला जोडपी संकोचतात आणि त्याने पुन्हा झटका येईल या भीतीने वर्षानुवर्षं लांब राहतात. प्रकृती स्थिर आणि बीपी आटोक्यात असेल तर बहुतेकांना त्यात धोका नसतो, पण डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा. इच्छा किंवा लिंगाचा ताठरपणा कमी होण्यामागे बीपीच्या काही गोळ्या असू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका आणि दुकानातून त्यासाठी शक्तीची गोळीही आणू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. रात्री किती झोपता? पाठ दुखते का? पक्षाघाताच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांमध्येही नैराश्य बरंच आढळतं. आठवड्यातून निदान दोनदा काही तास दुसऱ्या कोणी घर सांभाळेल अशी सोय करा. ‘कोणी येत नाही’ असं असेल तर मोघम मदत मागू नका. ‘गुरुवारी चार ते सहा ह्यांच्याजवळ बसशील का?’ असं विचारलं तर लोक येतात. तुम्ही बाहेर गेलात की त्यांना थोडा राग येईल. जा तरीही.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नव्हत्या, पण माझ्यासमोर बसला असतात तर मी विचारल्या असत्या. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला किंवा घोगरा होतो का, वारंवार ताप येतो का? तसं असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शंका घ्यायला हवी आणि गिळण्याची तपासणी हवी. ठसका न लागताही हे होऊ शकतं. तोपर्यंत ताठ बसवून, छोटे घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. उजव्या बाजूच्या दाराला, माणसांना धडकतात का, ताटातलं उजवीकडचं तसंच राहतं का? मग नजरेचं क्षेत्र तपासून घ्या.

आणि पुन्हा झटका येण्याचं. पक्षाघाताच्या दर चार घटनांतली साधारण एक ही आधी झटका येऊन गेलेल्या माणसाची असते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटलं म्हणून थांबवायची नाही. बीपी घरी मोजून लिहून ठेवायचं. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली असतं, तुमच्यासाठी किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तंबाखू असेल तर पूर्ण बंद. त्यांचं तोंड आणि हात आधीच अधू असल्याने नवीन झटका ओळखणं अवघड जातं, तेव्हा आजची स्थिती ही मोजपट्टी धरा: चेहरा कालपेक्षा जास्त वाकडा, डाव्या हातापायातही कमजोरी, येत होते तेवढेही शब्द बंद, अचानक तोल जाणं, पूर्वी कधीच न झालेली अशी अचानक डोकेदुखी. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रुग्णालयात पहिला प्रश्न असतो तो ‘शेवटचे ठीक कधी दिसले होते’ हा. ती वेळ आणि चालू गोळ्यांची यादी घेऊनच निघा.